डाव्या पायाची करंगळी

वाचनालयाच्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात,
उकंडराव टेकाड्यांची चौदा पुस्तकं आहेत.
पंधरावं कुणी नेलं, नोंदवहीत नाही.
चोरांवर लिहिणाऱ्याचंच पुस्तक चोरीला जावं,
यावर अध्यक्ष दर जयंतीला तोच विनोद करतात
आणि मी सतरंजी झटकत असतो.

जमादार होते ते, इंग्रजांच्या वेळचे.
बोटांचे ठसे आमच्या तालुक्याला अजून पोचले नव्हते.
ठसा म्हणजे पायाचा, कागद म्हणजे काळी माती.
पांदणीत उकिडवे बसायचे, नाक भुईला लागेल इतके,
आणि सांगायचे :
हा ओझं डाव्या खांद्यावर नेतो.
ह्या बाईला सातवा महिना.
हा बैल नव्या धन्याचा, दर वळणावर थांबलाय.
लोक म्हणत, टेकाड्या मुंगीचंही गाव सांगंन.

पेन्शन झाली तसे लिहायला बसले.
निंबाखाली खाट, दौत,
आणि ठाण्यातून आणलेले कोरे सरकारी कागद
(ही चोरी त्यांनी तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत कबूल केली आहे).
वाक्यं पंचनाम्याची :
पूर्वेस विहीर. पश्चिमेस तूर. मध्ये प्रेत.
विशेषण औषधालाही नाही.
नायिकेच्या वेणीची लांबी तेवढी दिली आहे, इंचात.
पुस्तकं अमरावतीला छापून यायची, बंडीत भरून बाजाराला जायची,
चार आण्याला एक, सुक्या मिरचीच्या ढिगाशेजारी.
अजूनही पानं उलटताना शिंक येते मला.
मिरचीनं नसेल, धुळीनं असेल.

मी सगळी वाचली आहेत.
चौदाही पुस्तकांत, शेवटून दुसऱ्या प्रकरणात,
एक माणूस येतो.
कधी कोष्टी, कधी गोंड, एकदा तर शेटजीचा मुनीम.
डाव्या पायाला करंगळी नसते.
पुरावा सगळा त्याच्यावर,
आणि दर वेळी जमादार उठून गुडघे झटकतो, म्हणतो,
ह्याला सोडा.
गोष्टीत त्याचं काही काम नसतं.
तो काढला तरी चोर सापडतोच.

माझ्या पणजाची करंगळी रानडुकराच्या फाशात गेली होती.
सुरमल नाव. आम्ही फासेपारधी.
जिनाच्या तिजोरीपासून आमच्या पालापर्यंत
टेकाडे जमादार उकिडवे उकिडवे आले,
पाऊल वितीनं मोजलं, म्हणाले, हाच.
"पाय माहाच हाय सायेब," तो म्हणाला, असं आमच्यात सांगतात,
"पन मी तितरामागं गेल्तो."
काळी माती खोटं बोलत नाही.
कशापायी गेला, एवढं सांगत नाही.

सात वर्षांची सजा.
पाचव्या वर्षी नागपूरच्या तुरुंगातून घोंगडं परत आलं.
आणि जिनाचा दिवाणजी मरणाच्या खाटेवर काय बोलला
ते आठवडाभरात सगळ्या बाजाराला माहीत झालं,
जमादारालाही.
त्याच्या पुढच्याच महिन्यात त्यांनी पेन्शन मागितली.

पंधरावं पुस्तक माझ्या घरी आहे,
पेटीत, रेशनकार्डाखाली.
अवघी बावीस पानं.
त्यात पारधी आहे, सुरमल आहे, करंगळी नाही,
आणि त्याला कुणी सोडत नाही.
शेवटच्या पानावर, ना चोर, ना उलगडा :
पूर्वेस जिन. पश्चिमेस पाल. मध्ये मी.

ते नेलं त्या रात्री पाऊस पडून गेला होता.
वाचनालयापासून आमच्या दारापर्यंत
माझी पावलं चिखलात सकाळपर्यंत स्वच्छ होती.
कुणी पाहिली नाहीत. पाहतंय कोण आता भुईकडे.
टेकाडे असते तर दिवस उजाडायच्या आत
उंबऱ्याशी येऊन बसले असते, उकिडवे.
मी त्यांना पाणी दिलं असतं का,
हे अजून ठरलेलं नाही.